घरचं उटणं लावूनही अंग पांढरं का पडतं?

ताई, आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला कळलंय ते बरोबर आहे का हे तुम्हालाही बघता येईल. तुम्ही औशाजवळ राहता, घरी बोअरचं पाणी. बाजारचा साबण सोडून तुम्ही बेसन, हळद, लिंबू आणि चिमूटभर खायचा सोडा असं कालवून रोज अंगाला लावताय. चेहऱ्याला मुलतानी माती. कोरफडीचा गर गुलाबपाण्यात घोटून बाटलीत भरून ठेवलाय. दोन महिने झाले तरी पिंढऱ्या पांढऱ्या पडतात, नखानं रेघ ओढली तर उमटते, चेहरा चुरचुरतो आणि संध्याकाळी खाज सुटते. चार वर्षांच्या लेकीलाही तेच लावलं, तिच्या कोपराच्या आतल्या घडीत लाल चट्टे उठलेत. तुम्हाला आता ‘अस्सल’ कृती हवीय, आणि जमलं तर दिवाळीत उटण्याची पाकिटं करून विकायचीत.

कृती देते. पण दुसरी कृती घेऊन फरक पडेल असं मला वाटत नाही, कारण अडचण कृतीत नाहीये. अंगावरचं तेल तुम्ही रोज काढून टाकताय आणि परत काहीच घालत नाही. साबण सोडला खरा, पण साबण जे करत होता तेच काम आता बेसन, सोडा आणि माती मिळून करतायत, कदाचित जास्तच.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे. परभणीत उटणं, तेल आणि मलमं बनवायचा परवान्याचा लहान कारखाना चालवते. गिऱ्हाईक जिंतूर, सेलू, गंगाखेड या बाजूचं, म्हणजे तुमच्यासारखंच पाणी आणि तुमच्यासारखंच ऊन. त्यामुळे पुढचं सगळं या भागाला धरून सांगतेय. रत्नागिरीच्या दमट हवेत राहणाऱ्या बाईला मी यातलं निम्मं वेगळं सांगितलं असतं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमचं वय, थायरॉईड, साखर यांवर कोरडेपणा बराच अवलंबून असतो. खाज घरात सगळ्यांनाच असेल, रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला बारीक पुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. चट्टा गोल, कडेनं उठलेला आणि मधून साफ होत जाणारा असेल तर नायटा. या दोन्हींना उटण्याचा काडीचा उपयोग नाही. आणि कृपा करून मेडिकलवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून मिळेल ती लावू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं, त्यानं नायटा चार दिवस दबतो आणि मग मांडीभर पसरतो. हे दोन्ही नाही असं धरून पुढे लिहिते.

पहिलं, पाणी. आपला मराठवाडा बहुतेक काळ्या कातळावर बसलाय. बोअर जितकं खोल, तितका पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार जास्त, असा आपला नेहमीचा अनुभव. साबण असल्या पाण्यात गेला की फेस होण्याआधी क्षाराशी मिळून त्याचा पांढरट चोथा होतो. न्हाणीच्या फरशीवर आणि बादलीच्या काठाला जो चिकट थर बसतो तो हाच, आणि तोच अंगावरही बसतो. टँकरच्या दिवसांत तर विचारूच नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत एका बादलीत आंघोळ उरकली की साबण धुवून निघतच नाही, तो अंगावरच वाळतो.

तुमचं पाणी किती जड, म्हणजे किती क्षाराचं, आहे ते घरीच कळतं. काचेच्या दोन बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा खवलेला तुकडा टाका, शाम्पू किंवा कपड्यांची पावडर नको, आणि झाकण लावून हलवा. आरओच्या बाटलीत फेस येईल. बोअरच्या बाटलीत, पाणी जड असेल तर, ते दुधासारखं होऊन वर पांढऱ्या कण्या तरंगतील. त्या कण्या बघितल्या की साबणाबद्दलचं तुमचं मत आणखी पक्कं होईल, आणि ते रास्तच आहे.

तुरटी फिरवून हा जडपणा जात नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, विरघळलेला क्षार तसाच राहतो. उकळल्यावर काही भाग जातो, बंबाच्या आत आणि गीझरच्या कॉईलवर जो पांढरा थर धरतो तो हाच क्षार. म्हणून रोजचं पाणी हलकं करायच्या मागे लागू नका. एवढं करा, आंघोळ नेहमीसारखी बोअरच्या पाण्यानं, आणि शेवटचा तांब्या चेहऱ्यावरून आणि लेकीच्या अंगावरून आरओच्या किंवा पावसाळ्यात पन्हळीच्या पाण्याचा. मात्र आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी आंघोळीला धरून ठेवू नका. पाणी वाचवायचं म्हणून बरेच जण करतात. ते मूळ पाण्याहून जड असतं, ते फरशी पुसायला ठेवा.

आणि पाणी कढत नको. थंडीत पाठीवर चटका बसेल असं पाणी घेतल्याशिवाय आंघोळ झाली असं आपल्याला वाटत नाही, पण कोरड्या कातडीला त्याच्याइतकं वाईट काही नाही. कोमट पाणी, आणि न्हाणीत पाच-सात मिनिटं, बस.

आता तुमच्या मिश्रणाकडे येऊ. सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. व्हिडिओत ते छान दिसतं. त्या फसफसण्यात दोघांनी एकमेकांना मारलेलं असतं. उरतो जो जास्त पडला तो. आपली त्वचा मुळात किंचित आंबट असते, पीएचच्या हिशेबात पाचच्या आसपास. (पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचं माप, आकडा सातच्या जितका खाली तितकं आंबट, जितका वर तितकं क्षारी.) साबण नऊ-दहाला, सोड्याचं पाणी आठच्या वर, लिंबाचा रस दोन-अडीचला. म्हणजे एक दिवस हात सैल पडला तर तुम्ही एका टोकाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला. तुमच्या मिश्रणात हळद आहेच, तीच चुगली करेल. लेप पिवळा राहिला तर ठीक. तांबूस-लाल झाला तर सोडा जास्त झालाय. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावल्यावर तो लाल होतो, तेच इथं घडतं.

लिंबाचं आणखी एक. लिंबू लावलेलं अंग उन्हात गेलं तर तिथं भाजल्यासारखं होऊन नंतर महिनोन्‌महिने काळा डाग राहू शकतो. लिंबातले काही घटक उन्हानं चेततात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, तिथं ‘चेहरा उजळायला लिंबू’ हा सल्ला मी कुणालाच देत नाही. आंबटपणा हवाच असेल तर ताक आहे की. कालचं, जरासं आंबट, पण पाणी न घातलेलं ताक उटणं कालवायला वापरा. त्यातलं लॅक्टिक आम्ल त्वचेच्या जातीला जवळचं आहे आणि त्याचा जोर बेताचा असतो. सोडा आणि लिंबू आजपासून बंद.

मुलतानी मातीही तुमच्यासाठी नाही. तेलकट, पुळ्यांच्या चेहऱ्याला आठवड्यातून एकदा ती बरी पडते, कारण तेल आणि पाणी शोषायचा तिचा धर्मच आहे. आपल्या काळ्या रानातली मातीही त्याच जातीच्या चिकणमातीची, पाण्यानं फुगते, वाळली की आक्रसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लेप चेहऱ्यावर पूर्ण वाळून ताणायला लागेपर्यंत ठेवला की तुमच्या गालावर तेच होत असतं. (आणि कुणी रानातली काळी माती गाळून लावायला सांगितली तर नको. त्यात शेणखत, फवारे आणि धनुर्वाताचे जंतू सगळं आलं.)

मग काय लावायचं? तेल. आणि त्याची वेळ.

मला रोज जे सांगावं लागतं ते हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अभ्यंगात आधी तेल असतं, मग उटणं, मग पाणी. यात हिशेब आहे. अंगात तेल मुरलेलं असलं की उटण्याचं पीठ वरचं जादा तेल आणि मळ ओढतं, आतलं सोडतं. कोरड्या अंगावर थेट बेसन चोळलं तर ओढायला वरचं काही नसतं, मग ते तुमचं स्वतःचं तेल ओढतं. तुम्ही गेले दोन महिने हेच करताय. म्हणून उटणं लावायच्या दिवशी आधी अंगाला तेल, अर्धा तास थांबणं, मग उटणं. ज्या दिवशी उटणं नाही त्या दिवशी आंघोळीनंतर तेल. पंचानं खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा. कातडी ओलसर असतानाच, न्हाणीतून बाहेर यायच्या आत, तळहातावर चमचाभर तेल घेऊन पिंढऱ्या, दंड, पाठ यांवरून फिरवा. ओल्या अंगावर तेल पातळ पसरतं आणि ती ओल आत अडकून राहते. तासाभरानं, अंग खडखडीत वाळल्यावर लावलेलं तेच तेल नुसतं कपड्यांना लागतं. काही न बदलता एवढं एकच केलंत तरी आठवड्याभरात नखाची रेघ पुसट होईल.

कोणतं तेल? आपलंच, करडईचं. त्यात लिनोलिक नावाचं स्निग्ध आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं, आणि त्वचेचा वरचा थर सांधून धरायला हेच आम्ल लागतं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असा समज आहे. त्यात ओलिक आम्ल जास्त, त्यानं हा थर उलट सैल होतो हे अभ्यासांत दिसलंय. मोहरीचं तेलही कोरड्या, खाजऱ्या कातडीला नको. नारळाचं वाईट नाही, पण चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, परभणीच्या थंडीत बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. शिवाय पुळ्यांच्या चेहऱ्यावर ते पुळ्या वाढवतं.

करडई आता शोधावी लागते ही खंत आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढले, एकेकाळी ज्वारीच्या रानाला कडेनं करडईच्या ओळी असायच्या म्हणजे जनावर आत शिरत नसे. आता सोयाबीननं सगळं गिळलं, आणि काट्यांमुळे करडई काढायला माणूस मिळत नाही. तरी लातूर-उदगीरकडे लाकडी घाण्याची छोटी तेलं मिळतात. रिफाइंड घेऊ नका असं मी म्हणत नाही, अंगाला तेही चालतं आणि ज्यांना कशाचीही ॲलर्जी पटकन येते त्यांना ते जास्तच मानवतं. घाण्याचं घेतलंत तर थोडं घ्या. हे तेल लवकर खवट होतं. झाकण उघडून वास घ्या, जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगासारखा वास आला तर ते दिव्याला वापरा, अंगाला नको, खवट तेलानं खाज वाढते. तांब्या-पितळेच्या भांड्यात मुळीच ठेवू नका, त्या धातूंनी ते झपाट्यानं बिघडतं. गडद काचेची बाटली किंवा स्टीलची बरणी, आणि खिडकीपासून लांब. तिळाचं तेल जास्त टिकतं कारण त्यात खवटपणा रोखणारे घटक जात्याच असतात. म्हणून मी तीन भाग करडई आणि एक भाग तीळ असं मिसळून ठेवायला सांगते.

उन्हाळ्यात तेल लावलं की घाम येतो, धूळ बसते, ही तक्रार खरी आहे. तेव्हा दिवसा नको, रात्री अंग धुऊन मग लावा, आणि प्रमाण निम्मं करा. कुणी नुसतं ग्लिसरीन लावायला सांगेल. आपल्या कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन बाहेरून पाणी ओढू शकत नाही, मग ते कातडीतूनच ओढतं. लावायचं तर एक भाग ग्लिसरीन, चार भाग पाणी, आणि वरून दोन थेंब तेल.

औषधी घालून तेल सिद्ध करायचं असेल तर जुनं माप एकास चारास सोळा असं आहे. एक भाग वाटलेली वनस्पती, चार भाग तेल, सोळा भाग काढा. तिळाचं तेल घ्या, करडईचं इतका वेळ आच सोसत नाही. मंद आचेवर ठेवा. झालं की नाही हे असं बघायचं: तळाचा चोथा बोटांत घेऊन वळला की त्याची वात व्हायला हवी, आणि ती वात जाळली तर तडतड आवाज येता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी उरलंय. असं तेल गाळून भरलंत तर महिन्याच्या आत त्यात ढगासारखी बुरशी धरेल. घाई असेल तर सिद्ध तेलाच्या फंदात पडू नका, साधं तेल वेळेवर लावणं जास्त कामाचं.

उटण्याची कृती आता देते. मसुराच्या डाळीचं पीठ चार वाट्या, ज्वारीचं बारीक पीठ दोन वाट्या. नागरमोथा, वाळा आणि गव्हला कचोरा यांची पूड प्रत्येकी अर्धी वाटी. सावलीत वाळवलेल्या मोसंबीच्या सालीची पूड अर्धी वाटी, आपल्याकडे जालन्याची मोसंबी मुबलक आहे, साल वाळवण्याआधी नीट धुवून घ्या. आंबेहळद पाव वाटी. यात बेसन मी मुद्दामच घातलेलं नाही. तुमची कातडी बरी झाल्यावर मसुराच्या जागी निम्मं बेसन चालेल. नागरमोथा काष्ठौषधींच्या दुकानातून आणा. रानातला लव्हाळा त्याचा सख्खा भाऊ असला तरी कपाशीच्या फवाऱ्यात वाढलेल्या गाठी अंगाला नकोत. हळद बाजारची पिवळीधमक पूड घेण्यापेक्षा वसमतकडचं साधं, पॉलिश न केलेलं हळकुंड आणून दळा. झगझगीत पिवळ्या रंगासाठी हळदीत शिशाचा रंग मिसळल्याचं पकडलं गेलेलं आहे.

कृतीपेक्षा चाळणी महत्त्वाची. पिठाच्या चाळणीतून आलेली पूड चेहऱ्याला ओरखडते. नेहमीच्या गिरणीत वाळ्याचे तंतू राहतात. धुवट मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करा. बोटांत चिमूट धरून चोळा, कण लागला तर परत गाळा. कापडावर जे उरेल ते टाचांना ठेवा. सगळं खडखडीत वाळलेलं असलं पाहिजे. बरणीत ओला चमचा गेला की पावसाळ्यात आत जाळं धरतं, वास कुबट येतो, ती बरणी तशीच टाकून द्यायची, ऊन दाखवून परत वापरायची नाही.

लावताना: आधी तेल. मग दोन चमचे उटणं ताकात किंवा साध्या पाण्यात पातळसर कालवून अंगावर फिरवा, घासू नका. वाळायच्या आत धुवा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोज नाही. रोज अंगाला नुसतं पाणी पुरतं. काख, जांघ आणि पाय एवढ्यांना सौम्य साबण लावा, घाम आणि जंतू तिथंच असतात. आणि जेवणाआधी, शौचानंतर हात साबणानंच. ‘नैसर्गिक’च्या नादात ते सुटता कामा नये.

इथपर्यंतचं एका दमात: सोडा, लिंबू, माती बंद. कोमट पाणी. शेवटचा तांब्या हलक्या पाण्याचा. ओल्या अंगावर करडईचं तेल रोज. उटणं आठवड्याला, तेलावरून.

आता ती कोरफडीची बाटली. ती आजच ओतून टाका. पाणी असलेली कोणतीही घरची वस्तू टिकत नाही. गर, काकडीचा रस, घरी उकळलेलं गुलाबपाणी, दह्याचा लेप, सगळं त्याच दिवसाचं, फ्रिजमध्ये फार तर दुसऱ्या दिवसाचं. वास आला नाही म्हणून जंतू नाहीत असं नसतं. ‘व्हिटॅमिन ईची गोळी फोडून घातली की टिकतं’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. तिनं तेल खवट होणं लांबतं, बुरशी आणि जंतू थांबत नाहीत. मधाचा एक चमचाही पाण्यात मिसळला की टिकवण्याच्या कामाचा राहत नाही.

कोरफड काढायचीही रीत आहे, आणि तुमचा चेहरा चुरचुरतो त्यात हिचा हात असू शकतो. पात कापली की सालीखालून पिवळा, कडू चीक गळतो. तो कातडीला झोंबतो. पात कापून बुडखा खाली करून पेल्यात अर्धा तास उभी ठेवा. पेल्याच्या तळाला पिवळं-तपकिरी पाणी जमेल. मग काटेरी कडा काढा, साल जाड काढा, म्हणजे हिरवा भाग गराला राहणार नाही, आणि काचेसारखा गर धुवून घ्या. जास्त निघाला तर मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, रोज एक खडा. लावल्यावर वरून तेल लावायला विसरू नका, नुसता गर वाळला की कातडी ताणते.

कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ चार-पाच दिवस लावून बघा. पहिल्याच दिवशी काही झालं नाही म्हणजे पास झालं असं नाही, बऱ्याच ॲलर्जी दोन-तीन दिवसांनी उठतात. हळदीचीही येते. रानात काम करताना गाजर गवतानं तुमचा चेहरा-मान लाल होत असेल तर झेंडू, शेवंती वाटून लावू नका, ती एकाच कुळातली. आणि बिब्बा कुणी सांगितला, भेगेला असो की डागाला, तर हात जोडून नाही म्हणा. बिब्ब्याच्या तेलानं जळालेली, पाणी सुटलेली कातडी घेऊन माझ्याकडे बायका येतात. तिथं मी काहीच देत नाही, दवाखान्यात पाठवते.

लेकीचं वेगळं आहे. घडीतले लाल चट्टे बहुधा इसब आहे, आणि फाटलेल्या कातडीवर बेसन, दूध, बदाम, गहू असलं खायचं काही चोळायचं नाही. पोटातून गेलेला पदार्थ शरीर ओळखीचा मानतं, फाटक्या कातडीतून गेलेला परका मानू शकतं, आणि मग तोच पदार्थ खाल्ला तरी अंगावर गांधी उठतात. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचा अंश असलेला चेहऱ्याचा एक साबण २०११ मध्ये परत घ्यावा लागला होता. तो वापरणाऱ्या बऱ्याच लोकांना पोळी-पाव खाल्ल्यावर त्रास व्हायला लागला होता. तेव्हा तिला उटणं नाही, हळद नाही, पिठाच्या गोळ्यानं लव काढणं नाही. कोमट पाणी, पाच मिनिटं, आणि ओल्या अंगावर साधं पेट्रोलियम जेली किंवा रिफाइंड करडईचं तेल. हो, पेट्रोलियम जेली निसर्गातली नाही. पण तिच्यात ॲलर्जी देण्यासारखं जवळपास काही नसतं आणि ती स्वस्तात मिळते, मला एवढं पुरतं. चट्टे ओले झाले, पिवळी खपली धरली किंवा लेकरू रात्री खाजवून उठायला लागलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तिथं मिळालेलं स्टेरॉईड मलम सांगितलं तितके दिवस लावायला घाबरू नका. सांगून दिलेलं आणि दुकानातून उचललेलं यात फरक आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण पिंढऱ्या पांढऱ्या पडणाऱ्या बाईच्या टाचा धड असतील असं मला वाटत नाही. मलम सोपं आहे आणि पाणी नसल्यानं टिकतंही. एक भाग पिवळं मेण, चार भाग तेल, वजनानं. उन्हाळ्यात तेल तीन भाग, नाहीतर डबीत पातळ होतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण वितळवा, थेट आचेवर नको. ताटलीवर थेंब टाकून गार होऊ द्या. बोटानं ढकलला तर घसरायला हवा, तुटायला नको. तुटला तर तेल वाढवा. कोकमाचं तेल मिळालं तर थोडं घाला, भेगांना फार चांगलं. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, वजरीनं हलक्या हातानं घासणं, टिपून मलम, वर जुने मोजे. भेगेतून रक्त येत असेल किंवा साखर असेल तर वजरी नको, आधी डॉक्टर.

विकण्याबद्दल. उटणं हे सौंदर्यप्रसाधनात मोडतं. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे ते विक्रीसाठी बनवायला राज्याचा परवाना लागतो, आणि तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. बचत गटाचं आहे, घरगुती आहे, यानं सूट मिळत नाही. पाकिटावर घटक, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापरायची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता सगळं लागतं. ‘खाज बरी होते’, ‘डाग जातात’ असं लिहिलंत की ते औषध ठरतं, त्याचा परवाना आणखी वेगळा. या दिवाळीला घरापुरतं आणि नात्यागोत्यात द्यायला करा. विकायचं पक्कं झालं तर आधी लातूरच्या कार्यालयात जाऊन जागेच्या आणि माणसांच्या अटी विचारून या, पाकिटं नंतर छापा.